तांबडा पट्टा कशासाठी?

मुलांनो,

प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन झालं, खाऊ वाटून झाला, की आमच्या शाळेत आणखी एक कार्यक्रम असतो. तो कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेत छापलेला नसतो. गावातले सुभेदार आजोबा शाळेच्या ओट्यावर बसतात आणि पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करतात. आजोबांनी आयुष्याची चोवीस वर्षं फौजेत काढली. त्यामुळे प्रश्नांना तोटा नसतो. बर्फात झोपता कसं? विमानातून उडी मारली का? भीती वाटते का?

यंदा चौथीतल्या एकानं विचारलं, "आजोबा, कोणतीबी गोळी कोणत्याबी बंदुकीत चालते का हो?"

आजोबा बोलायच्या आतच दुसरा म्हणाला, "चालते की! पिच्चरमंदी नाही का, हिरोच्या गोळ्या संपल्या की तो पडलेल्या गुंडाच्या खिशातल्या घेतो आन् उडवतो."

सगळे हसले. आजोबाही हसले. मग त्यांनी माझ्याकडून खडू मागून घेतला आणि फळ्यावर दोन बंदुका काढल्या. अगदी जुळ्या बहिणी! एकीच्या लाकडावर, पुढच्या बाजूला, त्यांनी लाल खडूनं एक रुंद पट्टा ओढला.

"आता सांगा पोरांनो, हा तांबडा पट्टा कामून मारला असंल?"

"शोभेसाठी!" "तिचा पहिला नंबर आला म्हणून!" "ती सायबाची बंदूक हाय!"

एकही उत्तर बरोबर नव्हतं. तुम्हीही मनाशी एक उत्तर ठरवा आणि पुढं वाचा.

बांगडीचं माप आणि बंदुकीचं माप

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आई कासाराकडे जाते तेव्हा काय म्हणते? "दोन-चारच्या द्या" किंवा "दोन-सहाच्या द्या." हे दोन-चार म्हणजे काय? दोन पूर्ण इंच आणि वर इंचाचे सोळा भाग करून त्यातले चार. हे माप बांगडीच्या आतल्या रुंदीचं असतं. गणितात तुम्ही त्याला व्यास म्हणता. बांगडी बाहेरून कितीही जाड असो, हात जातो तो आतून. म्हणून माप आतलं.

बंदुकीचंही तसंच. नळी बाहेरून किती जाड आहे याला महत्त्व नाही. गोळी जाते ती आतून. नळीच्या या आतल्या व्यासाला कॅलिबर म्हणतात. 'थ्री नॉट थ्री' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ही पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली लाकडी दस्त्याची रायफल. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २०२० सालच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला निरोप दिला. तिच्या नावातच तिचं माप आहे : .३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. तुमच्या पेन्सिलीपेक्षा किंचित जाड. एनसीसीतल्या ताईदादांना नेमबाजी शिकवतात ती .२२ ची रायफल. तिचं माप सुमारे ५.६ मिलिमीटर.

आपण बोलताना सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो. पण बंदुकीत भरतात ते काडतूस. पितळेची नळकांडी, तिच्यात दारू, बुडाला ठिणगी पाडणारी टोपी आणि तोंडाशी बसवलेली गोळी, असे त्याचे भाग. चाप ओढला की दारू पेटते, वायू तयार होतो आणि तो गोळीला पुढं ढकलतो. हा दाब प्रचंड असतो. बंदुकीचं पोलाद तेवढाच दाब सोसेल असं बनवलेलं असतं. आता त्यात भलतंच काडतूस गेलं तर? पुष्कळदा ते बसतच नाही, अडकतं. लढाईत बंदूक अडकणं म्हणजे काय, ते सांगायला नको. आणि कधी ते बसल्यासारखं वाटतं, ही त्याहून वाईट गोष्ट. मग नळी फुटू शकते, तीही चालवणाऱ्याच्या तोंडाशी.

"म्हणजे आजोबा, आकडा सारखा असला की झालं?" एका मुलीनं विचारलं.

आजोबांनी मान हलवली. तिथंच तर गोम आहे! ७.६२ मिलिमीटर हा आकडा घ्या. या एका आकड्याची कितीतरी वेगवेगळी काडतुसं जगात आहेत. एकाची पितळी नळकांडी ३९ मिलिमीटर लांब, दुसऱ्याची ५१, तिसऱ्याची ६३. गोळीची जाडी जवळपास एक, पण एकाचं काडतूस दुसऱ्याच्या बंदुकीत चालत नाही. तुमच्या वर्गात दोन 'गणेश' असले तर बाई नुसतं 'गणेश' म्हणून भागतं का? आडनाव लावावंच लागतं. तसं इथं लांबीचं आडनाव लावतात : ७.६२ गुणिले ५१, ७.६२ गुणिले ३९.

पट्ट्याची गोष्ट

आता तांबड्या पट्ट्याकडे वळू. ही गोष्ट १९४० सालची, दुसऱ्या महायुद्धातली.

त्या वर्षीच्या मे-जून महिन्यांत ब्रिटिश फौजेला फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावरून माघार घ्यावी लागली. माणसं बोटींतून परत आली, पण ढिगांनी शस्त्रं मागंच राहिली. आता जर्मन फौज समुद्र ओलांडून येणार, ही भीती घरोघरी होती. गावाच्या रक्षणासाठी साधी माणसं पुढं आली : शेतकरी, कारकून, दुकानदार, शिक्षक. १७ वर्षांच्या पोरापासून ६५ वर्षांच्या आजोबांपर्यंत. या दलाचं नाव होमगार्ड.

माणसं जमली, पण त्यांना बंदुका कुठून द्यायच्या? अमेरिकेनं लाखो रायफली पाठवल्या. त्या पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या होत्या, १९१७ च्या नमुन्याच्या. आणि इथं गंमत झाली. गंमत कसली, मोठीच अडचण झाली!

काय झालं होतं ते ऐका. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतले कारखाने आधी ब्रिटनसाठी रायफली बनवत होते, .३०३ च्या. १९१७ मध्ये अमेरिका स्वतः युद्धात उतरली. तिला स्वतःच्या फौजेसाठी घाईनं रायफली हव्या होत्या. नवा नमुना तयार करायला वेळ कुठला? तोच ब्रिटिश नमुना घेतला, नळी आणि आतली मापं तेवढी अमेरिकन काडतुसाची केली आणि रायफली बनवायला सुरुवात केली. म्हणजे बाहेरून दोघी एकसारख्या. आतून एक .३०३ ची आणि दुसरी .३० ची.

आता या दोन्ही रायफली ब्रिटनमध्ये एकाच वेळी वापरात आल्या. रात्रीची वेळ, दिवे बंद, हातात कालपरवा मिळालेली बंदूक आणि चालवणारा कालपर्यंत दुकानात तराजू धरणारा! तो .३०३ ची पेटी उचलून अमेरिकन रायफलीत भरायला गेला तर? काडतूस बसायचं नाही आणि शत्रू समोर उभा.

यावर उपाय निघाला तो अगदी साधा. अमेरिकन काडतुसाच्या प्रत्येक रायफलीच्या पुढच्या लाकडाभोवती दोन इंच रुंदीचा तांबडा पट्टा रंगवला. काही रायफलींवर त्या पट्ट्यावरच काळ्या रंगात '३००' हा आकडाही उमटवला. तांबडा पट्टा दिसला की अमेरिकन काडतूस. पट्टा नाही तर .३०३. बस्स! शाळा न शिकलेल्यालाही समजेल, दहा पावलांवरूनही दिसेल.

लक्षात घ्या, तांबडा रंग इथं 'धोका' म्हणत नव्हता, 'ही वेगळी आहे' एवढंच सांगत होता. रंगाला स्वतःचा अर्थ नसतो. सगळ्यांनी मिळून ठरवला आणि सगळ्यांना सांगितला, तरच त्याला अर्थ येतो.

आपल्याकडच्या जुळ्या बहिणी

"हे झालं साता समुद्रापलीकडचं," आजोबा म्हणाले. "आपल्याकडंबी तसंच झालं होतं."

१९६२ च्या चीन युद्धात आपल्या जवानांच्या हातात बहुतांशी तीच जुनी .३०३ होती. त्यानंतर फौजेत ७.६२ मिलिमीटरची नवी रायफल येऊ लागली. पण एका रात्रीत सगळ्या फौजेला आणि पोलिसांना नवी रायफल कशी पुरवणार? पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याजवळ ईशापूर इथं रायफलींचा मोठा कारखाना आहे. तिथं १९६० च्या दशकात एक युक्ती केली. जुन्या .३०३ च्याच आराखड्याची, पण ७.६२ च्या नव्या काडतुसाची रायफल तयार केली. नव्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून पोलाद अधिक मजबूत वापरलं. नाव ठेवलं '२ए', आणि नंतरच्या नमुन्याचं '२ए१'.

लांबून पाहिलं तर थेट थ्री नॉट थ्री! ओळखायची कशी? एक तर दस्ता जिथं लोखंडाला जोडतात तिथल्या पट्टीवर ठसा मारलेला असतो : 'रायफल ७.६२ एमएम २ए१'. दुसरी खूण म्हणजे खालची काडतुसं ठेवायची पेटी. .३०३ ची पेटी तिरकी उतरती असते, हिची जरा चौकोनी. डोळ्यांना ठसा दिसला नाही तरी हाताला पेटी सांगते.

काडतुसांवरही खूण असते. त्याचं पितळी बूड पाहिलं तर तिथं बारीक अक्षरं ठोकलेली दिसतात. आपल्या महाराष्ट्रातला पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालापासूनचा. इंग्रज खडकीला 'किरकी' म्हणत, म्हणून तिथल्या काडतुसावर 'केएफ' ही अक्षरं. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्याचं काडतूस असेल तर 'ओएफव्ही'. म्हणजे बंदुकीवर खूण, काडतुसावर खूण आणि काडतुसांच्या पेटीवरही खूण. तिन्ही जुळल्या तरच पुढं जायचं.

शिकारीच्या आणि राखणीच्या बंदुकींचं आणखी एक उदाहरण आजोबांनी सांगितलं. आपल्याकडे 'बारा बोअर' म्हणतात ती. हा बारा म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर एक गोळी जेवढ्या जाडीची, तेवढी ती नळी. मग वीस बोअरची नळी मोठी की लहान? सांगा पाहू! लहान. कारण तेवढ्याच शिशाच्या वीस गोळ्या केल्या की प्रत्येक गोळी लहान होणार. आकडा मोठा, नळी लहान. इथंच माणसं फसतात.

समजा, वीसचं काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत गेलं. ते आत घसरतं आणि पुढं नळीत अडकून बसतं. मागून पाहणाऱ्याला वाटतं, बंदूक रिकामीच आहे. तो बाराचं दुसरं काडतूस भरतो आणि चाप ओढतो. नळी फुटते. असे अपघात झाले, म्हणून अमेरिकेतल्या कारखान्यांनी ठरवून टाकलं की वीसचं काडतूस पिवळं. पिवळा रंग दुसऱ्या मापाला द्यायचा नाही.

चांगली खूण कोणती?

फौजेत शस्त्रं ठेवायच्या खोलीला 'कोत' म्हणतात. तिथं प्रत्येक रायफलीच्या दस्त्यावर नंबर घातलेला असतो, त्याला 'बट नंबर' म्हणतात. जवानाला स्वतःचा नंबर झोपेतसुद्धा सांगता यायला हवा. कवायतीला वापरायच्या निकामी रायफली असतात, त्यांच्यावर 'डीपी' अशी अक्षरं असतात. अर्थ, ही फक्त कवायतीसाठी. तिच्यातून बार काढायचा नाही.

"पण एवढ्या खुणा कामून, आजोबा? ध्यानात ठेवलं की झालं!" पहिला प्रश्न विचारणारा पोरगा पुन्हा म्हणाला.

आजोबा म्हणाले, "बाळा, ध्यान थकतं. खूण थकत नाही."

मुलांनो, मी त्या दिवशी फळ्यावर चांगल्या खुणेचे चार नियम लिहिले. तुम्हीही वहीत लिहून घ्या.

एक : खूण पुसली जाऊ नये. कागदाची चिठ्ठी गळून पडते, शाई उडते. ठोकलेला ठसा किंवा पक्का रंग टिकतो.

दोन : वाचता न येणाऱ्यालाही ती कळावी आणि अंधारातही कळावी. अक्षराबरोबर रंग हवा आणि जमलं तर हाताला लागेल असा आकारही हवा.

तीन : खूण एकाच बाजूला असून चालत नाही. बंदुकीवर हवी, काडतुसावर हवी आणि पेटीवरही हवी. आणि दोन मापांच्या पेट्या एका फळीवर ठेवू नयेत.

चार : सगळ्यांत उत्तम खूण म्हणजे चूक होऊच न देणारी. दवाखान्यात भूल देताना वापरायचे वायूंचे छोटे सिलिंडर असतात. ऑक्सिजनच्या सिलिंडरला ठरावीक जागी दोन भोकं आणि यंत्राला त्याच जागी दोन खुंट्या. दुसऱ्या वायूच्या सिलिंडरची भोकं दुसऱ्या जागी. दमलेल्या माणसानं चुकीचं सिलिंडर लावायचं म्हटलं तरी ते बसत नाही.

"पण सर, आमच्याकडं बंदूक नाही"

एवढं सगळं झाल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "पण सर, आमच्याकडं बंदूकच नाही. आमाला हे कामून शिकायचं?"

प्रश्न रास्त होता. बंदूक तर माझ्याकडेही नाही. आणि तुम्हाला कुठं बंदूक किंवा काडतूस दिसलंच, तर हात लावायचा नाही, लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. रिकामी आहे असं वाटलं तरीसुद्धा! पण त्या मुलीच्या प्रश्नानं मला आमच्या घरची एक गोष्ट आठवली. ती मी तोपर्यंत वर्गात कधी सांगितली नव्हती.

मी डी.एड.ला होतो तेव्हाची गोष्ट. आमचं शेत मानवत तालुक्यात. कापूस हेच मुख्य पीक. त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला होता, कापूस गुडघ्याच्या वर आला होता. शेजारच्या शेतात ऊस होता. श्रावणात शेजारच्या काकांचा फवारणीचा पंप बिघडला, म्हणून ते आमचा घेऊन गेले. उसातलं तण मारायला त्यांनी 'टू-फोर-डी' फवारलं आणि पंप पाण्यानं धुऊन परत आणून दिला. माणूस अगदी सज्जन. धुतल्याशिवाय परत केला नाही.

दोन दिवसांनी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच पंपात तुडतुड्यांचं औषध भरलं आणि कापसावर फवारलं.

आठवड्यात कापसाची पानं बदलायला लागली. कापसाचं पान कसं रुंद असतं? ती अरुंद, बोटांसारखी लांबट झाली. जणू भेंडीची पानं! शेंडे वळले. अण्णांना वाटलं, रोग पडला. दुकानातून आणखी एक औषध आणलं. काही फरक नाही.

मग कृषी सहायक आले. त्यांनी बांधावर उभं राहून एकच प्रश्न विचारला, "फवारणी कोणत्या बाजूनं सुरू केली होती?" अण्णांनी विहिरीची बाजू दाखवली. आम्ही पाहिलं, तर विहिरीजवळच्या ओळी सर्वांत जास्त सुकलेल्या. जसजसं पुढं जावं तसतसं नुकसान कमी. शेवटच्या ओळी जवळपास चांगल्या. रोग असा ओळीनं चालत नाही. दोष पंपात होता. पहिल्या टाकीत टू-फोर-डीचा अंश जास्त गेला, पुढच्या टाक्यांत कमी होत गेला.

टू-फोर-डी हे रुंद पानांचं तण मारणारं औषध आहे. ऊस, ज्वारी, गहू ही गवताच्या कुळातली पिकं, त्यांना ते सोसतं. कापूस रुंद पानाचा. त्याला त्याचा थेंबसुद्धा सोसत नाही. आणि पंपात, नळीत, वायसरमध्ये राहिलेला अंश नुसत्या पाण्यानं जात नाही.

अण्णा कुणाला काही बोलले नाहीत. शेजारच्या काकांना तर नाहीच. संध्याकाळी ओट्यावर पंप समोर ठेवून बसले आणि म्हणाले, "दोन्ही औषधं ह्याच्यातच जातात. ह्यो काय बोलणार बिचारा, आत काय होतं ते?" त्या वर्षी विहिरीकडच्या ओळींना बोंडं फार थोडी लागली. दिवाळीत घरात नवे कपडे आले नाहीत, आणि ते का आले नाहीत हे कुणी कुणाला विचारलं नाही.

पुढच्या हंगामात अण्णांनी दुसरा पंप घेतला. तणनाशकासाठी वेगळा, कीटकनाशकासाठी वेगळा. तणनाशकाच्या पंपाला मी बैलाची शिंगं रंगवायच्या तांबड्या रंगानं चांगला चार बोटं रुंद पट्टा मारला. तेव्हा मला १९४० ची गोष्ट ठाऊकही नव्हती!

पण आमची गोष्ट इथं संपत नाही. त्याच हंगामात एकदा मी पाहिलं, अण्णा कीटकनाशक मोजून घेत होते ते त्याच मापानं, ज्यानं आदल्या दिवशी तणनाशक मोजलं होतं. पंप वेगळे झाले होते, पण माप एकच होतं आणि बादलीही एकच. आता समजलं ना, तिसरा नियम मी फळ्यावर एवढा ठळक का लिहिला? बंदुकीवर पट्टा मारला आणि काडतुसाची पेटी तशीच ठेवली, तर पट्ट्याचा उपयोग काय! मग माप, बादली, काठी, सगळ्यांना पट्टा मारला.

पालकांसाठी चार ओळी

आईबाबांनो, या स्तंभातला एवढा भाग तुमच्यासाठी.

कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकट असते, टोकावर उभी केलेली. तिच्या खालच्या अर्ध्या भागातला त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्या मानानं कमी विषारी. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे! वाचता न येणाऱ्या माणसालाही कळावं म्हणून ही खूण केली आहे. १९४० चा तांबडा पट्टाच तो, दुसऱ्या रूपात.

पण आपण काय करतो? उरलेलं औषध थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओततो. खूण डब्यावरच राहते, विष बाटलीत जातं. आणि थंड पेयाची बाटली लहान मुलाला काय सांगते? 'मला पी.' खूण नसणं वाईट, पण खोटी खूण त्याहून वाईट. म्हणून औषध मूळ डब्यातच राहू द्या, कुलपात ठेवा. घासलेट असो, फिनेल असो, बॅटरीचं पाणी असो, नियम तोच.

आणि एक विनंती. मुलानं एखाद्या वस्तूला चिठ्ठी लावली, पट्टा मारला तर "आम्हाला काय कळत नाही का?" असं म्हणू नका. तुम्हाला कळतं. पण तुम्ही घाईत असाल, अंधार असेल, त्या दिवशी तुमच्या जागी पाहुणा असेल, तेव्हा ती खूणच बोलणार आहे.

या आठवड्याचा उद्योग

घरात फिरा आणि दिसायला सारख्या पण कामाला वेगळ्या अशा पाच जोड्या शोधा. मीठ आणि खायचा सोडा, दोन सारख्या औषधांच्या बाटल्या, दोन किल्ल्या, दोन पंप, काहीही. विषारी वस्तूंना हात लावायचा नाही, फक्त यादी करायची. मग आईबाबांबरोबर बसून प्रत्येक जोडीला खूण ठरवा आणि फळ्यावरचे चार नियम लावून पाहा. तुमची खूण अंधारात ओळखता येते का? आजीला वाचल्याशिवाय कळते का? डब्यालाही आहे आणि चमच्यालाही आहे का?

जाता जाता एक सांगतो. परवा परिपाठ झाल्यावर ती मागच्या रांगेतली मुलगी माझ्याजवळ आली. तिच्या बोटांना तांबडा रंग लागलेला होता, नखांत शिरलेला.

"सर, आमच्या पंपाला पट्टा मारला."

"शाब्बास! आणि..."

"मापाला बी मारला," ती म्हणाली. "बादलीला बी."

पुढच्या आठवड्यात तुमच्या याद्यांची वाट पाहतो.

तुमचे,
गुरुजी